बिल्डर म्हणतो 'गार्डन सिटी'. आमच्याकडे ६२ एकर, अकरा खातेदार आणि एक ओढा. आराखडा कुठून सुरू करायचा?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लोणी काळभोरच्या पुढं आमच्या भावकीची सलग ६२ एकर जमीन आहे. सलग म्हणजे नकाशावर. प्रत्यक्षात अकरा खातेदार, सात गट, आणि चार फुटांच्या बांधापायी वीस वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन चुलते. वरच्या अंगानं मुठा उजवा कालवा जातो. त्याच्या जिवावर आजोबांनी ऊस केला, वडलांनी ऊस केला, आता आम्ही निम्म्यात ऊस आणि निम्म्यात 'बघू पुढं' हे पीक घेतो. मी स्वतः भोसरीत एका टूलरूममध्ये आहे. शनिवारी रात्री गावाकडं, सोमवारी पहाटे परत.

दिवाळीनंतर एका बिल्डरची माणसं येऊन गेली. जॉइंट व्हेंचर, बावीस मजली टॉवर, २४०० फ्लॅट. ब्रोशरवर सोनेरी अक्षरात 'गार्डन सिटी' आणि खाली '७० टक्के मोकळी जागा'. ड्रॉइंग वाचणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून पट्टी घेऊन बसलो. त्या सत्तर टक्क्यांत पार्किंगच्या छतावरची हिरवळ, गाड्यांचे रस्ते आणि दोन टॉवरमधली फट, सगळं धरलेलं निघालं. जिथं खरोखर माती आहे आणि वर आभाळ आहे अशी जागा मोजली तर नियमाला लागते त्या दहा टक्क्यांच्या आसपासच भरते.

आता आमचा पुतण्या. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, काका, गार्डन सिटी ही खरी गोष्ट आहे, इंग्लंडात झालेली, ह्यांनी फक्त नाव चोरलंय. आणि आठ दिवसांत ट्रेसिंग पेपरवर आपला आराखडा काढून घेऊन आला. मधोमध गोल बाग, भोवती एकात एक वर्तुळं, मध्यातून निघालेले सहा रुंद रस्ते. दिसायला देखणा आहे, नाही कशाला म्हणू. पण कागदावर एक लेव्हल नाही, कुठून मोजायचं तो संदर्भबिंदू नाही. टूलरूममध्ये असं ड्रॉइंग आलं तर मी परत पाठवतो. बागेचा मध्य नेमका म्हसोबाच्या उंबरावर आलाय, आणि ओढा तर गायबच.

आत्याचं वय ८१, तिचंही नाव सातबाऱ्यावर आहे. तिनं ट्रेसिंग उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ओढा कुठं न्हेला रे ह्यानं?"

तर माझं विचारणं असं. गार्डन सिटी म्हणजे नक्की काय, आणि ती ६२ एकरांत बसते का? आणि आम्ही अकरा जणांनी आधी काय ठरवायचं, नकाशा की मालकी? विकायचंच नाही असं आमचं म्हणणं नाही. पोरांना शेती करायची नाही हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. पण एकदा सही केली की संपलं, म्हणून विचारतोय.

निवृत्त नकाशेवाला

नगररचना खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

पुतण्याला रागावू नका. एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थांनी १८९८ मध्ये ही कल्पना मांडली, त्या पुस्तकात तीच वर्तुळं आणि तेच सहा रस्ते आहेत. हॉवर्ड वास्तुविशारद नव्हते, लघुलेखक होते. पण पुतण्याने आकृतीखालची बारीक अक्षरं वाचलेली दिसत नाहीत. हॉवर्डनी तिथे स्वतःच लिहून ठेवलंय की ही नुसती आकृती आहे, आराखडा जागा निवडल्यावर तिच्याप्रमाणे ठरेल. म्हणजे तुमचा लेव्हलचा आक्षेप त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य करून टाकलाय!

आता आकडे. हॉवर्डच्या हिशेबात एकूण जमीन ६००० एकर. त्यातलं शहर फक्त १००० एकरांवर, उरलेल्या ५००० एकरांत शेती, कुरणं, फळबागा. शहरात ३० हजार माणसं, शेतीपट्ट्यात २ हजार. शहराच्या मध्यापासून कडेपर्यंत १२४० यार्ड, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत, कारण माणसाने घरातून पायी निघून कामावर आणि शेतापर्यंत जावं ही अपेक्षा. तेव्हा ६२ एकरांत गार्डन सिटी होत नाही. झालं तर उद्यान-उपनगर होईल. लंडनच्या हॅम्पस्टेडला १९०७ च्या सुमारास तसं उभं राहिलं. त्यात कमीपणा काही नाही, नाव मात्र खरं सांगावं.

घर म्हणजे बंगला, असाही समज नको. त्यांच्या हिशेबातला लहानात लहान प्लॉट २० फूट बाय १०० फूट होता. २००० चौरस फूट, तुमच्या भाषेत दोन गुंठ्यांनाही थोडा कमी. कामगारांसाठीची घरं होती ती.

आणि बागांइतकीच, माझ्या मते बागांपेक्षाही, महत्त्वाची होती ती जमिनीची मालकी. सगळी जमीन शेतीच्या भावात एकत्र घ्यायची, एका विश्वस्त संस्थेकडे ठेवायची, तुकडे कुणाला विकायचे नाहीत, फक्त भाडेपट्ट्याने द्यायचे. वस्ती वाढली की जमिनीची किंमत वाढते, ती वाढ भाड्याच्या रूपाने गावाकडेच परत यायची. १९०३ मध्ये इंग्लंडातल्या लेचवर्थला पहिली गार्डन सिटी वसवण्यासाठी कंपनी स्थापन झाली तेव्हा भागधारकांचा लाभांश ५ टक्क्यांवर बांधून टाकला होता. आजही तिथली बरीचशी मिळकत एका प्रतिष्ठानाकडे आहे आणि तिचं उत्पन्न गावावर खर्च होतं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं जमणार नाही. फ्लॅट विकलेत की १९६३ चा मोफा आणि आताचा रेरा हे फ्लॅटविक्रीचे कायदे लागतात, दोन्हींचा रोख जमीन आणि सामाईक जागा घेणाऱ्यांच्या सोसायटीकडे जावी असाच आहे. आणि ते बरोबरही आहे. पण दुकानांचे गाळे, दवाखान्याची इमारत, मंगल कार्यालय, बाजाराचा ओटा, हे वेगळ्या प्लॉटवर काढून, तुम्ही सगळ्यांनी मिळून कंपनी काढलीत तर तिच्याकडे ठेवता येतं. ते विकू नका, भाड्याने द्या. हॉवर्डमधला तेवढा अर्क आपल्या कायद्यात बसतो.

उदाहरणासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. भोसरीला जाताना हडपसरला मगरपट्टा लागतोच. सतीश मगर आणि शंभरावर शेतकरी कुटुंबांनी साधारण ४०० एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. तिथली वस्ती गार्डन सिटीपेक्षा कितीतरी दाट आहे, पण मालकीचा धडा घ्यायचा तर तिथूनच.

बांधाच्या भांडणाबद्दल. डेक्कन, शिवाजीनगर भागातल्या जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' लिहितात ना, तो नगर रचना योजनेतून आलेला आहे. सगळ्यांनी वेडेवाकडे तुकडे एकत्र टाकायचे, रस्ते आणि मोकळ्या जागा प्रत्येकाच्या हिश्शातून प्रमाणात काढायच्या, आणि उरलेला चौकोनी प्लॉट ज्याचा त्याला परत. ती अधिकृत योजना प्राधिकरण करतं, तुम्ही नाही. पण तत्त्व भावकीत वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. एकदा हिस्सा टक्क्यांत लिहिला की बांध नकाशावरून जातो, मग चुलत्यांना भांडायला दुसरं कारण शोधावं लागेल.

म्हणून आधी मालकी. आणि तिच्या जोडीने मोजणी. नकाशा शेवटी.

प्रॅक्टिकल माणूस

वाचायला छान आहे हो. पण इंग्लंडवाल्यांचा आकडा एकराला १२ घरं. ६२ एकरांत किती झाली? ७४४. बिल्डर देतोय २४००. हा फरक भावकीच्या खिशातून जाणार, तो कोण भरून देणार? अकरापैकी सहा जण दुसऱ्या दिवशी सही करून मोकळे होतील. माझ्या सासरवाडीला हेच झालं.

सातवा मजला

मी अशाच एका 'गार्डन' नावाच्या मोठ्या टाउनशिपमध्ये नऊ वर्षं राहते. नाव सांगत नाही, शेजारी वाचतात.

बाग आहे. सुंदर आहे. तिच्यात पाय टाकायचा नाही. पाटी आहे तशी, आणि शिट्टी घेतलेले काका आहेत. पोरं खेळतात कुठे? पार्किंगच्या उतारावर. एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाला दोन वेळा ठरावीक तास पाणी आणि टँकर मात्र लॉनच्या टाकीत रिकामा होताना गॅलरीतून दिसतो. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी चहा पिता पिता मोजले, एका सकाळी पाच.

भाजी आणायला सव्वा किलोमीटर. पायी जाता येईल, पण गेटमधून बाहेर पडलं की फूटपाथ नाही. म्हणून कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढते. मला आराखड्यातलं काही कळत नाही. पण वाण्याचं दुकान, पोळीभाजीवाल्या मावशी, चप्पल शिवणारा, लहान मुलांचा डॉक्टर, हे गेटच्या आत पायी गाठता येतील असं आधी ठरवा. ब्रोशरमध्ये यातलं काही नसतं. जकूझी असते.

करंज

'सातवा मजला' यांच्या टँकरचा हिशेब मांडून दाखवते. मी लँडस्केपचं काम करते, लॉन लावून देण्याचं पाप माझ्याही नावावर आहे.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक एकर म्हणजे साधारण ४०५० चौरस मीटर. पुण्याच्या एप्रिलात लॉन हिरवं ठेवायला दिवसाला ५ मिलिमीटर धरा. झाले २० हजार लिटर, दहा हजारी दोन टँकर. माणशी १३५ लिटरच्या प्रमाणाने तेवढ्यात जवळजवळ दीडशे माणसांचं रोजचं पाणी होतं. एक एकर गवतासाठी! तेही ज्याच्यावर चालायचं नाही.

आता तुमची जमीन. ६२ एकर म्हणजे २५ हेक्टर. तुमचा भाग पुणे शहरापेक्षा कोरडा, म्हणून पाऊस ५०० मिलिमीटर धरते. सगळ्या रानावर वर्षात पडणारं एकूण पाणी साडेबारा कोटी लिटर. २४०० फ्लॅटमध्ये चार-चार माणसं धरली तर ९६०० माणसांना वर्षाला सत्तेचाळीस कोटी लिटर लागतं. जवळजवळ चौपट. शिवाय पडलेलं सगळं पाणी अडत नाही, ते वेगळंच. कालव्याचं पाणी उसाला मिळतं म्हणून फ्लॅटलाही मिळेल असं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

प्रॅक्टिकल माणूस, तुमचा मुद्दा खोटा नाही. पण मधली वाट आहे. समजा ३० एकरांवरच घरं ठेवली, तळमजला अधिक तीन मजले, एकराला २५. झाली ७५० घरं, ३००० माणसं, वर्षाला पावणेपंधरा कोटी लिटर. म्हणजे पावसाच्या आकड्याच्या निदान जवळपास. अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी शुद्ध करून झाडांना आणि संडासाला फिरवलं तर जमू शकतं. उरलेल्या ३२ एकरांत ओढा, मैदान, शाळा, रस्ते आणि दहा-बारा एकर चालू शेती. भाजी तिथलीच, विक्री गेटवर. पैसे कमी मिळतील. खोटं कशाला सांगू.

रस्त्यांतही पैसे वाचतात. नऊ मीटर रुंदीचा रस्ता शंभर मीटरने वाढला की नऊ गुंठे गेले, शिवाय खडी, डांबर, गटार. लेचवर्थचे एक आराखडाकार रेमंड अन्विन यांनी १९१२ मध्ये हेच मांडलं होतं, की घरं दाटीने कोंबली की रस्तेही तितकेच वाढतात आणि वाटतो तेवढा फायदा हातात राहत नाही.

झाडांचं थोडक्यात. गुलमोहर आणि बॉटल पाम नको. गुलमोहराची फांदी पहिल्याच वळवाला गाडीवर येते. करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा, ओढ्याकाठी अर्जुन. आणि म्हसोबाचा उंबर जिथे आहे तिथे मे महिन्यात खणून बघा, उंबराखाली ओल असते असं म्हणतात ते बऱ्याचदा खरं निघतं.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. आधी गाव पायी फिरा, पाहणी करा, मग आराखडा, असा त्यांचा आग्रह. तुमच्या आत्यांनी तेच चार शब्दांत विचारलं. शिवाय २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र पुण्यातल्या आंबील ओढ्याकाठच्या माणसांना विचारा. नकाशावर पुसलेला ओढा पाऊस आला की आपल्या जागेवर परत येतो.

ओढ्याकाठचा

तीन आठवडे गायब होतो, माफ करा. सगळ्यांचे आभार. दोन रविवार रानात गेले.

पहिल्या रविवारी पुतण्या आणि मी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन निघालो. लेझरची लेव्हल भाड्यानं मिळते, पण त्याला हातानं शिकू दे म्हटलं. कालव्याच्या भरावाजवळच्या दगडावर खडूनं शून्य लिहिला, तो आमचा संदर्भबिंदू. तिथून ओढ्याच्या कडेनं खाली ५२० मीटर. नळीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मधे बाभळीचे काटे. एकूण उतार साडेचार मीटर भरला. त्याचा तो देखणा मधला चौक सगळ्यात खोलगट जागी आलेला निघाला. पोरगं काही बोललं नाही, ट्रेसिंगची गुंडाळी करून गाडीत टाकली.

मग नकाशेवाल्या साहेबांचं ऐकून भूमी अभिलेखमधून जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल काढली. ती वाचताना मात्र माझ्या पोटात गोळा आला. ओढ्याची रुंदी तिथं लिहिलीय १ साखळी ४ आणे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणजे ओढा ४१ फूट रुंद. आज आम्ही फितीनं मोजला तर कुठं आठ, कुठं दहा फूट. बाकीचा गेला कुठं? कुणा बिल्डरनं नाही खाल्ला. दोन्ही काठांनी दरसाल नांगराची एकेक रेघ पुढं सरकवत आमच्याच नांगरानं, मग आमच्याच ट्रॅक्टरनं खाल्ला. ५२० मीटर लांबीवर हिशेब केला तर पन्नास गुंठ्यांच्या आसपास होतात. सव्वा एकर.

दुसऱ्या रविवारी उंबराखाली बैठक घेतली. अकरापैकी नऊ आले. दोन्ही चुलतेही आले, एकमेकांकडं पाठ करून बसले. मी टिपण वाचून दाखवलं आणि सव्वा एकराचा आकडा सांगितला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मोठा चुलता म्हणाला, "म्हणजे आमी चार फुटांसाठी भांडत बसलो व्हय." धाकटा पाठमोराच म्हणाला, "चार न्हाय, साडेतीन." हसले सगळे. एवढ्या वर्षांतलं त्या दोघांचं हे पहिलं संभाषण, असं आई सांगते.

ठरलं ते थोडकंच. हिस्से टक्क्यांत लिहून काढायचे, वकील बघायला सुरुवात केलीय. ओढ्याला त्याचे ४१ फूट परत द्यायचे आणि दोन्ही अंगांना आणखी जागा सोडायची, किती ते अजून ठरत नाही. बिल्डरला सही नाही, पण नकारही कळवलेला नाही, कारण तिघांना पैशाची खरोखर घाई आहे. एकाच्या मुलीचं लग्न आहे, एकाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. प्रॅक्टिकल माणूस, तुमचं बोलणं बैठकीत तसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या तिघांचा तेवढा हिस्सा बाकीच्यांनी आधी विकत घ्यायचा का, यावर अडलंय. आमच्यापैकी कुणाकडंच तेवढी रोकड नाही.

गाळे न विकता भाड्यानं ठेवायची कल्पना मात्र सगळ्यांना आवडली, अगदी बिल्डरच्या बाजूच्या दोघांनाही. ऊस नसला तरी दरसाल काहीतरी हातात येणार, हे त्यांना लगेच कळलं.

आत्यानं विचारलं, म्हसोबा कुणाच्या वाट्याला जाणार. पुतण्या म्हणाला, कुणाच्याच नाही, तो मोकळ्या जागेत राहील. तिनं परत विचारलं, "मग दिवा कोण लावणार?" ह्याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. वहीत लिहून घेतलंय त्यानं.

आता एक मदत हवीय. टिपणाच्या कोपऱ्यात, ओढा जिथं आमच्या गटात शिरतो तिथं, दोन ओळी मोडीत आहेत. 'पाट' किंवा 'वाट' असं काहीसं लागतंय. पाट असेल तर जुनं पाणी कुठून कुठं जायचं ते कळेल, आणि वाट असेल तर शेजारच्या गटाचा जायचा हक्क आमच्या अंगावर येईल. हडपसर-लोणी भागात मोडी वाचणारं कुणी आहे का?

निवृत्त नकाशेवाला

फोटो टाका. दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि कागद दुमडला असेल तर काचेखाली ठेवून. पाट की वाट ते शेजारच्या ओळीतल्या आण्यांवरूनही कळू शकेल, तेव्हा अख्खं पान घ्या, नुसता कोपरा नको.